स्विच बंद, तरी होल्डरमध्ये करंट: घरातल्या दिव्यांची वायरिंग पहिल्यांदा शिकताना

स्विच बंद करूनच मी स्टुलावर चढलो होतो. जुना बल्ब काढला आणि नवा लावताना बोट होल्डरच्या पिनेला लागलं. झटका बसला, हात आपोआप मागे आला, म्हणून निभावलं. खाली उतरून स्विच पुन्हा पाहिला. तो बंदच होता. टेस्टर होल्डरला लावला तर तो लख्ख पेटला.

कारण साधं होतं. ज्याने ते घर वायर केलं त्याने स्विचमधून फेजऐवजी (करंट आणणारी वायर) न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) तोडला होता. दिवा व्यवस्थित लागायचा आणि व्यवस्थित विझायचा, त्यामुळे कित्येक वर्षं कुणाला संशय आला नाही. पण स्विच बंद असतानाही फेज सरळ होल्डरपर्यंत येऊन थांबलेला असायचा आणि कुणाच्या तरी बोटाची वाट पाहायचा.

म्हणून नव्याने शिकणाऱ्याला मी सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगतो. दिवा लागला म्हणजे वायरिंग बरोबर झालं असं नाही. फेज कुठून आला, कुठल्या स्विचमधून गेला आणि दिव्यापर्यंत कसा पोहोचला, ही वाट तुम्हाला बोटाने दाखवता आली पाहिजे. खालच्या सगळ्या पद्धती या एका वाटेचेच प्रकार आहेत.

आधी कुणी काय करायचं ते

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत घरातल्या कामाची एक सीमारेषा आहे. २५० व्होल्टपर्यंतच्या जोडणीतला दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच खराब झाला आणि त्या जागी तसाच दुसरा बसवला, तर ते काम परवानाधारकाकडूनच करून घेण्याची सक्ती नाही. पण नवा पॉइंट काढणं, वायर वाढवणं, जुन्या जोडणीत फेरफार करणं ही कामं परवानाधारक ठेकेदाराकडूनच झाली पाहिजेत. तेव्हा तुम्ही घरमालक असाल तर हा लेख वायरमनने केलेलं काम समजून घ्यायला आणि तपासायला वापरा. आयटीआयला नुकतेच दाखल झाला असाल तर आधी लाकडी फळीवर, सप्लाय न जोडता, सगळं करून पाहा. फळीवर एक होल्डर, दोन स्विच आणि थोडी वायर एवढ्यात बहुतेक सगळं शिकता येतं.

सप्लाय खरंच बंद आहे का?

डीबीमधला (घरभर सप्लाय वाटणारी पेटी) त्या सर्किटचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) खाली करा. कुठला ते नक्की माहीत नसेल तर मेन स्विच बंद करा. घरातल्या सगळ्यांना सांगा. एमसीबीवर टेप लावून 'काम चालू, लावू नका' असं लिहा. आपल्याकडे लाइट गेली समजून कुणीतरी लगेच जाऊन एमसीबी वर करतं, आणि ते अगदी चांगल्या मनाने करतं.

इन्व्हर्टर असेल तर जास्त सावध राहा. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो बॅटरीवरून त्याच वायरींत २३० व्होल्ट सोडतो. पंखा आणि दिवे बहुधा इन्व्हर्टरवरच असतात, म्हणजे तुम्ही ज्या बोर्डात हात घालणार नेमका तोच चालू राहतो. इन्व्हर्टरचा स्वतःचा स्विच बंद करा आणि त्याची आउटपुट बाजू डीबीमधूनही वेगळी करा.

मग टेस्टर. निऑन टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून पाहा, तो पेटतो ना. मग तुमच्या बोर्डावर लावा. मग परत चालू सॉकेटवर. मधल्या वेळात टेस्टर बिघडला असेल तर शेवटच्या तपासणीत कळतं. शक्य असेल तर मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ (अर्थ म्हणजे जमिनीशी जोडलेली सुरक्षेची वायर) दोन्ही मोजा. निऑन टेस्टर कधीकधी फसवतो. न्यूट्रल कुठेतरी तुटला असेल आणि दिव्याचा स्विच चालू असेल, तर दिव्यातून फेज पलीकडे जातो आणि काळ्या वायरवरही टेस्टर पेटतो. नवा मुलगा मग म्हणतो, 'दोन्ही वायरींत फेज आहे.' तसं नसतं. तिथे न्यूट्रल हरवलेला असतो.

वायरी आणि स्विच

आपल्याकडे बहुतेक घरांत लाल, पिवळी किंवा निळी वायर फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थची असते. पण रंगावर विश्वास ठेवायचा तो टेस्टर लावल्यानंतरच. गुंडाळी संपली म्हणून कुणी काळ्याच्या जागी लाल ओढलेली मी अनेकदा पाहिली आहे.

दिव्यांच्या सर्किटला १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. ९ वॉटच्या एलईडी बल्बला जेमतेम ०.०४ अँपिअर लागतो, त्या हिशेबाने एवढी वायर फार वाटेल. पण वायर निवडताना बल्ब पाहायचा नसतो, त्या सर्किटचा एमसीबी पाहायचा असतो. एमसीबी पडण्याआधी वायर तापता कामा नये. आयटीआयमध्ये शिकवतात की दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॉट यापेक्षा जास्त भार नको. हा हिशेब आजही डोक्यात ठेवण्यासारखा आहे. दिव्याला ६ अँपिअरचा स्विच पुरतो. गीझर, इस्त्री, मोटर यांना तो कधीच लावू नका, त्यांचे पॉइंट आणि वायर वेगळी असते.

पहिली पद्धत: एक दिवा, एक स्विच

हिला वन-वे म्हणतात. स्विचला दोन टर्मिनल असतात. डीबीतून आलेला फेज एका टर्मिनलला जोडा. दुसऱ्या टर्मिनलमधून निघणारी वायर होल्डरच्या एका बाजूला जाते. काही वायरमन या वायरला 'हाफ' म्हणतात. होल्डरच्या दुसऱ्या बाजूला थेट न्यूट्रल, मध्ये कुठलाही स्विच नाही. दिव्याची बॉडी धातूची असेल तर तिला हिरवी वायर.

हे काम करताना हाताला काही सवयी लावून घ्या. वायरचं कव्हर साधारण १० मिलिमीटर सोला. ब्लेडने गोल कापताना आतले तार तुटतात आणि उरलेल्या तारांवर सगळा भार येतो, म्हणून स्ट्रिपर वापरा. बारीक तारांची वायर असेल तर तार पिळून घ्या आणि टर्मिनलचं भोक मोठं असेल तर टोक दुमडून घाला. स्क्रू तांब्यावर बसला पाहिजे, कव्हरवर नाही. आवळून झालं की वायर ओढून पाहा. सैल स्क्रू हे घरातल्या जळलेल्या बोर्डांचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. दिवा लुकलुकतो, बोर्डातून वास येतो, आणि बोर्ड उघडल्यावर काळं पडलेलं टर्मिनल दिसतं.

जुना स्विच बदलताना वायरी सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक वायरला टेपची खूण करा. यात पाच मिनिटं जातात, पण ती गेली की पुढचे दोन तास वाचतात.

लूप: एका बोर्डातले चार स्विच

एकाच बोर्डावर चार स्विच असतील तर डीबीतून चार फेज आणायचे नसतात. एकच फेज पहिल्या स्विचला येतो, तिथून छोट्या तुकड्याने दुसऱ्याला, दुसऱ्यावरून तिसऱ्याला. याला लूप म्हणतात. प्रत्येक स्विचमधून मात्र स्वतंत्र वायर आपापल्या दिव्याकडे किंवा पंख्याकडे जाते. पंख्याच्या वाटेत स्विचनंतर रेग्युलेटर लागतो. सॉकेट असेल तर त्याच्या स्विचमधून फेज त्याच्या उजव्या भोकाला, न्यूट्रल डाव्याला आणि वरच्या मोठ्या भोकाला अर्थ. सॉकेटकडे समोरून पाहिल्यावरची ही डावी-उजवी आहे, मागून जोडताना ती उलटते. इथे खूप जण चुकतात.

न्यूट्रलचेही लूप असतात, पण न्यूट्रल दिव्यांपाशी फिरतो, स्विचमधून जात नाही. जुन्या लाकडी पट्टीच्या वायरिंगमध्ये सगळ्या जोडण्या भिंतीवरच्या गोल जंक्शन बॉक्समध्ये असत. त्याचा फायदा असा की दोष कुठे आहे ते बॉक्स उघडून दिसायचं. भिंतीआडच्या पाइपमधल्या वायरिंगमध्ये ते दिसत नाही, म्हणून तिथे एक पक्का नियम पाळा. पाइपाच्या आत जोड नको. जोड घ्यायचा तो बोर्डात किंवा जंक्शन बॉक्समध्ये, जिथे झाकण उघडून पोहोचता येईल. पाइपात टेप गुंडाळलेला जोड पावसाळ्यात ओल धरतो, आणि कोकणात तर दुसऱ्याच पावसाळ्यात आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पडायला लागतो.

नवं घर होत असेल तर वायरमनला प्रत्येक बोर्डात न्यूट्रल सोडायला सांगा, सॉकेट नसलेल्या बोर्डातही. मोबाइलवरून चालणाऱ्या बहुतेक स्विचना न्यूट्रल लागतो, आणि नंतर तो भिंतीतून आणायला पुन्हा पाइप धुंडाळावा लागतो.

जिन्याची पद्धत

आता खरा आनंद देणारा भाग. जिन्याच्या खालच्या टोकाला स्विच दाबून दिवा लावला, वर पोहोचून वरच्या स्विचने विझवला. लांब ओसरी, पलंगाशेजारचा दिवा, दोन दारांची खोली, सगळीकडे हीच पद्धत लागते.

यासाठी दोन टू-वे स्विच लागतात. टू-वेला तीन टर्मिनल असतात. एक कॉमन आणि दोन बाजूची, ज्यांवर बहुधा एल-१ आणि एल-२ अशा खुणा असतात. कॉमन कुठल्यातरी एका बाजूशी नेहमी जोडलेला असतो. दाबलं की तो दुसऱ्या बाजूला जातो. म्हणजे टू-वे स्विचला 'बंद' अशी जागाच नसते, दोन्ही जागी तो काहीतरी जोडतोच. हे एकदा मनात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं.

कॉमन कुठला ते खुणांवरून कळत नसेल तर स्विच हातात घ्या, कुठेही जोडू नका, आणि मल्टिमीटर बीपवर ठेवा. दोन-दोन टर्मिनलांवर पिना लावून पाहा. एका जागी दोघांत बीप येईल, बटण दाबल्यावर त्या दोघांतला एकजण तिसऱ्याशी बीप देईल. दोन्ही वेळेला जो हजर असतो तो कॉमन.

जोडणी अशी. खालच्या स्विचच्या कॉमनला डीबीतून फेज. वरच्या स्विचच्या कॉमनमधून दिव्याकडे वायर. खालचा एल-१ वरच्या एल-१ ला आणि खालचा एल-२ वरच्या एल-२ ला. या दोन वायरी वेगवेगळ्या रंगाच्या ओढा किंवा टोकांना '१' आणि '२' अशी टेप लावा. न्यूट्रल थेट दिव्याला.

आता बोटाने वाट काढा. दोन्ही स्विच एल-१ वर असले तर फेज खालच्या कॉमनमधून एल-१ वर, तिथून वरच्या एल-१ वर, वरच्या कॉमनमधून दिव्याला. दिवा लागतो. वरचा स्विच एल-२ वर टाकला तर फेज एल-१ वरून वर येतो, पण वरचा कॉमन तिकडे नसतो, दिवा विझतो. खालचा स्विचही एल-२ वर टाकला की वाट पुन्हा पुरी. चार जोड्यांत दोन वेळा दिवा लागतो, दोन वेळा विझतो, आणि कुठल्याही टोकाला दाबलं तरी अवस्था बदलते. कागदावर या चार जोड्यांचं चित्र स्वतः काढल्याशिवाय पक्कड हातात घेऊ नका.

एक दुसरी जोडणीही आहे, जिथे फेज आणि दिव्याची वायर दोन्ही एकाच बोर्डात येतात. दोन्ही स्विचचे कॉमन एकमेकांना, एल-१ एल-१ ला, एल-२ एल-२ ला जोडा. मग पहिल्याच बोर्डात फेज एल-१ ला द्या आणि दिव्याची वायर एल-२ मधून काढा. दोन्ही स्विच एकाच बाजूला असले की दिवा बंद, वेगवेगळ्या बाजूंना असले की चालू. एका स्विचवर चालणारा दिवा नंतर दोन ठिकाणांहून चालवायचा असेल तर ही पद्धत उपयोगी पडते, कारण दुसऱ्या बोर्डापर्यंत फक्त तीन वायरी न्याव्या लागतात. दिव्याकडची जुनी वायर हलवावी लागत नाही.

आणि एक तिसरी, जी कुणी सुचवली तरी करू नका. जुन्या घरांत वायर वाचवायला दोन्ही स्विचच्या एल-१ ला फेज आणि एल-२ ला न्यूट्रल देत, आणि दोन कॉमनच्या मध्ये दिवा लावत. दिवा बरोबर चालतो. पण दोन्ही कॉमन फेजवर असतील तेव्हा दिवा विझलेला असतो आणि होल्डरच्या दोन्ही पिना जिवंत असतात. शिवाय एकाच छोट्या स्विचमध्ये फेज आणि न्यूट्रल समोरासमोर येतात, आतली पट्टी झिजली की सरळ शॉर्ट. घरात अशी जोडणी सापडली तर ती बदलून घ्या.

तीन मजल्यांचा जिना असेल तर खाली आणि वर टू-वे, आणि मधल्या मजल्यावर इंटरमीडिएट स्विच. त्याला चार टर्मिनल असतात आणि तो त्या '१' आणि '२' वायरींच्या मध्ये बसतो. एका जागी वायरी सरळ जातात, दुसऱ्या जागी एकमेकींना ओलांडतात. आणखी मजले असतील तर आणखी इंटरमीडिएट, टू-वे मात्र दोनच, दोन्ही टोकांना.

बिघाड कुठे शोधायचा

जिन्याचा दिवा एका विशिष्ट जोडीतच लागतो, बाकी तीन जोड्यांत लागत नाही? मग कुठल्यातरी स्विचमध्ये कॉमनची वायर आणि बाजूची वायर यांची अदलाबदल झाली आहे. नवा स्विच बसवल्यानंतर हा दोष हमखास येतो, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्विचमध्ये कॉमनची जागा सारखी नसते. जुन्या स्विचच्या मधल्या टर्मिनलची वायर नव्याच्या मधल्या टर्मिनलला घातली, आणि तिथेच फसगत झाली. '१' आणि '२' एकमेकांत बदलल्या तर मात्र काही बिघडत नाही, फक्त चालू आणि बंदच्या जोड्या उलटतात.

एलईडी बल्ब स्विच बंद असतानाही रात्री मंद दिसतो, ही आजकालची नेहमीची तक्रार. दोन गोष्टी तपासा. स्विचमध्ये छोटा इंडिकेटर दिवा असेल तर त्याच्यातून जाणारा किंचित करंट एलईडीला पुरतो. तो काही धोका नाही. इंडिकेटर नसेल तर स्विच न्यूट्रल तोडतोय का ते पाहा. स्विच बंद ठेवून, होल्डरच्या पिनांवर टेस्टर. पेटला तर माझ्यासारखंच तुमच्याही घरात झालं आहे, आणि वायरमनला त्याच आठवड्यात बोलवा. लांबवर एकाच पाइपातून जाणाऱ्या वायरींमुळेही अगदी पुसट उजेड येऊ शकतो, पण तो निष्कर्ष आधीचे दोन तपासल्यावरच काढा.

दिवा लावल्याबरोबर आरसीसीबी पडत असेल तर बहुधा त्या दिव्याचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटचा घेतलेला असतो, किंवा वायरमध्ये ओल शिरलेली असते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परतलेला करंट यांची तुलना करतो. फरक दिसला की सप्लाय तोडतो. तो वारंवार पडतो म्हणून त्याला बाजूला काढून थेट जोडणारे वायरमन भेटतात. त्यांना तसं करू देऊ नका. तुमच्या घरात माणसाला झटक्यापासून वाचवणारं तेच एक साधन आहे. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टला पडतो, माणसाला बसलेल्या झटक्याने पडत नाही.

सप्लाय देण्याआधी

सगळे एलईडी बल्ब काढा आणि स्विच चालू ठेवा. परवानाधारक वायरमनकडे मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासणारं मीटर, असतो. ५०० व्होल्टच्या मेगरने फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून अर्थशी मोजलं तर किमान १ मेगाओहम यायला हवा. नव्या कोरड्या वायरिंगमध्ये तो आकडा याहून कितीतरी वर असतो. १ च्या आसपास आला तर ओल किंवा सोललेली वायर शोधायला लागा. बल्ब काढायचे ते विसरू नका, त्यांच्यातलं इलेक्ट्रॉनिक सर्किट मेगरच्या व्होल्टला टिकत नाही.

मग एमसीबी वर करा. आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो ते पाहा. प्रत्येक दिव्याचा स्विच बंद ठेवून होल्डरच्या दोन्ही पिनांवर टेस्टर लावा, एकाही पिनेवर तो पेटता कामा नये. जिन्यातल्या दिव्याला हे चारही जोड्यांत करून पाहा. विझलेल्या दोन्ही जोड्यांत कुठल्याच पिनेवर टेस्टर पेटता कामा नये, एकाच जोडीत पाहून खाली उतरू नका. सगळं ठीक असेल तर डीबीच्या झाकणाच्या आत प्रत्येक एमसीबीसमोर खोलीचं नाव लिहा, आणि जिन्याच्या जोडणीचं कागदावर काढलेलं चित्र तिथेच चिकटवून ठेवा.